तापीकाठची गाणी आणि गल्लीची नभोवाणी



सुरतेहून जळगावकडे जाणारा लोहमार्ग उधना येथे मुख्य मार्गापासून वेगळा होतो आणि बारडोली, व्यारा ही गावे मागे टाकीत नवापूरला येतो. नवापूरचे स्थानक मोठे मौजेचे आहे. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा सीमारेषा नेमकी या स्थानकाच्या अंगावरून गेली. त्यामुळे फलाटाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात पडतो, आणि गाडीची सूचना एकाहून अधिक भाषांत ऐकावयास मिळते. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अंमळनेर, धरणगाव अशी खानदेशातील गावे लागतात. गाडी पूर्वेकडे जाते. तापी नदी मात्र खानदेशातून सुरतेकडे येते. गेल्या कित्येक दशकांत माणसेही नदीच्याच दिशेने आली आहेत. कोरडवाहू शेतीवर भागेना, तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांनी सुरतेच्या यंत्रमागांचा आसरा घेतला, आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशी वस्त्या उभ्या राहिल्या.

या माणसांनी येताना भांडी आणली, देव आणले, गाणी आणली. जाते मात्र आणले नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडात जात्याला जागा कोठून असणार? आणि कोपऱ्यावर पिठाची गिरणी असताना त्याची गरज तरी काय? हा बदल कष्ट वाचविणारा होता; त्याबद्दल हळहळणारे बहुधा पुरुषच असतात. तथापि जात्याबरोबर आणखी एक गोष्ट गावी राहून गेली. पहाटेच्या वेळी दोन बाया समोरासमोर बसत, एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने ती उचलावी, ती वेळ आणि ती जागा गेली. गाणे पाठ होते. पण ते म्हणावयाचे कोठे, आणि कोणासमोर?

वर्षातून एकदा मात्र ते गाणे उसळून वर येते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नाकडोळे लावून, नथ आणि साज घालून देवी चौरंगावर मांडावयाची, भाऊबंदांनी एकत्र यावयाचे, सव्वाच्या मापाने घेतलेल्या गव्हाचे रोट करावयाचे, रात्रभर जागरण करावयाचे आणि सोमवारी वाजतगाजत देवी पाण्यावर न्यावयाची, असा हा खानदेशचा कुळाचार आहे. सुरतेच्या खानदेशी वस्त्यांतही तो चालतो. त्या रात्री कानबाईच्या लग्नाची, सासरमाहेराची, तापीच्या पुराची आणि वाट पाहणाऱ्या भावाची गाणी म्हाताऱ्या बायका म्हणतात. बाहेर ध्वनिवर्धकावर ठेका धरणारी नवी अहिराणी गाणी लागलेली असतात. त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. तरुण पोरांनी आपल्या बोलीत नाचावे, ही काही वाईट गोष्ट नव्हे. परंतु आतले गाणे आणि बाहेरचे गाणे यांत एक मूलभूत फरक आहे. बाहेरचे गाणे ऐकावयाचे असते. आतल्या गाण्याला उत्तर द्यावयाचे असते. एका बाईने ओळ टाकली की दुसरीने ती झेलून पुढे न्यावयाची. ती नेणारी नसेल तर गाणे तिथेच थांबते.

आणि ती नेणारी दिवसेंदिवस कमी होत चालली आहे, कारण प्रश्न भाषेचाही आहे. अहिराणीला कोणत्या घरात बसवावे, हा विद्वानांचा जुना वाद. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा जो भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला, त्यात खानदेशीला मराठीच्या खंडात जागा मिळाली नाही. ती भिल्ली बोलींच्या शेजारी बसविण्यात आली. मराठी अभ्यासकांना हे रुचले नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही स्वतंत्र नोंद असून तिचे भाषक साडेअठरा लाखांहून अधिक आहेत. सुरतेतील लेकराला या वादाशी कर्तव्य नाही. महापालिकेच्या मराठी शाळेत गेले तर ते प्रमाण मराठी शिकते; रस्त्यावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी त्याच्या कानावर पडते; अहिराणी त्याच्याशी फक्त आजी बोलते. शाळेत तोंडून एखादा अहिराणी शब्द निसटला तर वर्ग हसतो, आणि पुष्कळदा शिक्षकही हसतात. असे हसणे चार वेळा कानावर पडले, की पोर आजीला प्रमाण मराठीत उत्तर देऊ लागते. गाणे तुटते ते येथे.

अशा वेळी कोणाच्याही मनात सहज येते की, नभोवाणीने ही गाणी जतन करावीत. नभोवाणीने हे केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मोठ्या केंद्राचे सामर्थ्य किती असते, हे महाराष्ट्राने १९५५ च्या रामनवमीस अनुभवले. त्या दिवशी पुणे केंद्रावरून गीतरामायणाचा आरंभ झाला आणि पुढे वर्षभर आठवड्यामागून आठवडे घरोघर माणसे एकाच स्वराकडे कान लावून बसली. परंतु मोठ्या केंद्राला स्वतःची शिस्तही असते, आणि ती शिस्त लोकांच्या गाण्याला नेहमीच मानवली असे नाही. साधी पेटीची गोष्ट घ्या. भजनी मंडळाची, कीर्तनाची, तमाशाची, आणि वसईपासून गोव्यापर्यंत कित्येक देवळांतील व चर्चमधील गायनाची ती सोबतीण. १९४० साली रेडिओने तिला दाराबाहेर उभे केले, ते सुमारे तीस वर्षे. शास्त्रीय संगीताच्या श्रुतींना ती न्याय देत नाही, हे कारण खरे असेलही. पण शिक्षा भजनालाही झाली. पुढे माहितीमंत्री बा. वि. केसकर यांनी सिनेमाच्या गाण्यांवरही असाच कटाक्ष ठेवला. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ साली विविध भारती काढावी लागली.

लोकगीतांना आकाशवाणीने दार बंद केले नाही. उलट मानाने आत बोलाविले. मात्र आत येताना त्यांना कपडे बदलावे लागले. आवाजाची चाचणी, ठरलेली मिनिटे, साथीला वाद्यवृंद, शहरी कानाला समजेल अशी भाषा. ओवीला मुळात लांबी नसते. दळण संपेपर्यंत ती चालते. दळण पायलीचे असेल तर ओव्याही पायलीच्या. तिला चार मिनिटांत बसविले म्हणजे जे उरते ते गोड असते, पण त्यात शेजारीण नसते.

मराठी मुलखात याहून निराळा एक प्रयोग फार पूर्वी झाला होता, आणि त्याची आठवण आज पुसट झाली आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी योजना होती. विषय शेतीचे आणि गावसुधारणेचे होते, गाण्याचे नव्हते. परंतु त्यात एक तत्त्व होते: ऐकणाऱ्यालाही तोंड असते. दुर्दैवाने यंत्र एकाच बाजूने बोलणारे होते. पत्र पुण्यास जाऊन उत्तर येईपर्यंत पेरणी उरकलेली असे.

ते यंत्र गावाच्या हाती येण्यास पुढे पन्नास वर्षे लागली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निर्णयाचे मुख्य लेखन न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. मद्रासच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये लोकांच्या संस्थांनाही परवाना मिळू लागला. यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात. शंभर वॅटची मर्यादा, तीस मीटरपेक्षा उंच नसलेला खांब, आणि आवाज पोचणार तो दहापंधरा किलोमीटरांच्या आत. निम्मे तरी कार्यक्रम तेथेच तयार झालेले असावेत आणि ते होता होईल तो तेथील बोलीत असावेत, अशी अट. स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. आकाशवाणीच्या तेवढ्या पुनः ऐकवता येतात. या शेवटच्या अटीवर बरीच टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. परंतु इतर अटी वाचल्या तर त्या जणू ओवीसाठीच लिहिल्या असाव्यात असे वाटते. आवाज फार दूर जात नाही, हा येथे दोष नव्हे. जिथवर गाण्याला उत्तर देणारी शेजारीण राहते, तिथवरच तो जातो.

याचा प्रत्यय पाहावयाचा तर सातारा जिल्ह्यातील म्हसवडला जावे. माण तालुका म्हणजे दुष्काळाचा, मेंढरांचा, सिद्धनाथाच्या यात्रेचा आणि धनगरांच्या गजी नृत्याचा मुलूख. तेथे माणदेशी फाउंडेशनने २००८ साली ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र सुरू केले. त्यावर गाणाऱ्या केराबाई सरगर यांचे नाव आता दूरवर पोचले आहे. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. गाणी स्वतः जुळवितात आणि स्वतःच म्हणतात. मोठ्या केंद्राच्या चाचणीत त्यांचा निभाव लागला असता किंवा नसता, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. ऐकणारी माणसे त्यांची आहेत. पाणी, चारा, लेकीचे शिक्षण यांवर त्या ओव्या रचतात, कारण ओवीत हे विषय पूर्वीपासूनच येत. जात्यावर काही केवळ विठ्ठलच नसे, सासू, सावकार आणि पाऊसही असे.

याच साली, १५ ऑक्टोबर २००८ रोजी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात मचनूर या गावी ‘संघम् रेडिओ’ अधिकृतपणे सुरू झाला. तो चालविणाऱ्या दोघी दलित स्त्रिया. दोघींचेही नाव नरसम्मा. या केंद्राची इमारत आणि यंत्रे दहा वर्षे आधीच तयार होती. परवाना तेवढा नव्हता. मग त्या बाया स्वस्थ बसल्या काय? नाही. त्यांनी पेरणीची, कापणीची, बियाण्याची गाणी ध्वनिफितींवर घेतली आणि गावोगावच्या बैठकीत ती वाजवून दाखविली. परवाना आला तेव्हा त्यांच्याजवळ गाण्यांचा साठा होता. परवाना हाती असून ऐकविण्यास काही नाही, अशी उलट स्थिती असलेली केंद्रेही देशात आहेत.

सुरतेला जवळचा दाखला हवा असेल तर तो गुजरातेतच सापडतो. कच्छी ही बोलीही अहिराणीसारखीच दोन घरांची पाहुणी; गुजराती तिला आपली म्हणते, पण व्याकरणाने ती सिंधीची बहीण. डिसेंबर १९९९ पासून कच्छ महिला विकास संघटनेने आकाशवाणीच्या भुज केंद्रावर वेळ विकत घेऊन ‘कुंजल पांजे कच्छजी’ ही मालिका कच्छी बोलीत सुरू केली. आपली घरची भाषा पेटीतून बोलते आहे, हेच तेथील बायकांना प्रथम नवल वाटण्याजोगे होते. पुढे अहमदाबाद जिल्ह्यात साणंद तालुक्यातील मणिपूर येथे ‘सेवा’ संस्थेने ‘रुडीनो रेडियो’ चालविला. म्हणजे गुजरातच्या मातीत हे रोप लागत नाही असे नाही.

आता सुरतेच्या वस्तीकडे पुनः वळू. लिंबायतच्या किंवा उधन्याच्या गल्लीत दुपारी फिरले तर दाराशी बायका काम करताना दिसतात. साड्यांचे धागे कापणे, टिकल्या आणि खडे चिकटविणे, लेस लावणे. कारखान्यातून कापड घरी येते आणि नगावर मजुरी मिळते. जाते गेले, पण हात मोकळे झाले नाहीत. हात गुंतलेले आणि तोंड व कान मोकळे, ही ओवीच्या जन्माची स्थिती होती. ती या गल्लीत जशीच्या तशी आहे. फरक एवढाच की जात्याची घरघर गाण्याला ताल देत असे, आणि येथे शेजारच्या मागांचा खडखडाट त्याला गिळून टाकतो. एकटी बाई या आवाजावर गाऊ शकत नाही. तिच्या हाताशी ठेवलेल्या मोबाइलमधून दुसरीचा आवाज येत असेल तर गुणगुणू मात्र शकते.

ओव्या गोळा करणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. याच लोहमार्गावरील अंमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. त्या कागदावर राहिल्या, चाल मात्र कागदावर उतरत नाही. बहिणाबाई चौधरींची गाणीही अशीच हवेत होती. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली गाणी छापून निघाली, म्हणून महाराष्ट्राला कळली. पुढे गी पॉयट्व्हाँ या फ्रान्सहून येऊन भारतीय झालेल्या गृहस्थाने हेमा राईरकर यांच्यासह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या आणि त्यांतील बऱ्याच बायांच्या घरी, त्यांच्या आवाजात मुद्रित केल्या. हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू. ओवीचा मोह ख्रिस्ती उपदेशकाला पडावा यात नवे काही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ छापले तेही ओवीबद्धच, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला ती ओळखीची होती. राईरकर व पॉयट्व्हाँ यांचा साठा आज संगणकावर कोणालाही ऐकता येतो. हे थोर काम आहे. परंतु साठा आणि गाणे यांत कणगी आणि पेरणी यांचे अंतर असते.

लहान केंद्र म्हणजे सर्व दुखण्यांवरील औषध, असा समज होऊ नये. देशात अशी केंद्रे आज पाचशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे निम्मे आयुष्य पैशाच्या विवंचनेत जाते. जाहिरातीला बांधलेली मर्यादा, वीजबिल, यंत्राची दुरुस्ती. मग सरकारी योजनांच्या जाहिराती घ्याव्या लागतात आणि हळूहळू नाव लोकांचे व आवाज खात्याचा अशी गत होते. दुसरा धोका घरातलाच आहे. केंद्र चालविणारी शिकलीसवरली तरुण मंडळी आजीला सांगू लागतात, ‘आजी, हे कडवे गाळा, तो शब्द गावठी वाटतो.’ आकाशवाणीच्या चाचणीपेक्षा ही चाचणी अधिक घातक, कारण ती प्रेमाने होते. आणि तिसरी गोष्ट मानधनाची. ज्या बाईला एका साडीच्या खड्यांमागे मोजकी मजुरी मिळते, तिने दुपार मोडून गाणे म्हणावयास यावे आणि बदल्यात तिला चहा मिळावा, हे बरे नव्हे. तिच्या नावाची नोंद व्हावी, गाणे दुसरीकडे वापरले तर तिला विचारावे आणि तिचा खाडा भरून द्यावा.

एवढे सांभाळले तर सुरतेतील अहिराणी केंद्राचे काम फारसे अवघड नाही. वस्ती दाट आहे. उधन्यापासून डिंडोलीपर्यंतचा सारा टापू शंभर वॅटांच्या आवाक्यात येतो. मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, तेव्हा पुरुषांसाठी पाळी सुटण्याची वेळ आणि बायकांसाठी भर दुपार, असे दोन तास पहिल्याने पुरेत. दुपारच्या तासाला कोणी सूत्रधार नको. एकीने केंद्रावर बसून ओळ टाकावी आणि दुसरीने आपल्या दारातून, फोनवरून ती उचलावी. चुकली तर तिसरी सांगेल. डफावरचे वहीगायन आणि अखाजीच्या झोक्यावरची गाणी संध्याकाळच्या तासात आणता येतील. शाळेतील पोरांना आजीची मुलाखत घेण्याचे काम द्यावे. वर्गात ज्या शब्दाला हसू येते तोच शब्द रेडिओवर ऐकू आला, की त्याचे वजन बदलते.

परवान्यासाठी अर्ज करणारी संस्था निदान तीन वर्षे नोंदलेली असावी लागते. सुरतेच्या खानदेशी समाजात तेवढी जुनी मंडळे शोधण्यास दूर जावे लागणार नाही. अर्जाचा प्रवास लांबेल, हे गृहीतच धरावे. तोपर्यंत श्रावणात कानबाई बसेल, रात्री जागरण होईल, आणि मचनूरच्या बायांप्रमाणे परवान्याआधीच, घरच्या मोबाइलवर, आजीच्या परवानगीने गाणी मुद्रित करून ठेवण्यास कोणत्याही खात्याची आडकाठी नाही.